सफोक: समुद्राने नेलेले, नोंदीने राखलेले

१/२३
इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑल्डबरो नावाचे एक लहान गाव आहे. सोळाव्या शतकात बांधलेली तेथील नगरसभेची इमारत, ‘मूट हॉल’, आज समुद्रकाठच्या गोट्यांच्या पुळणीला जवळजवळ लागून उभी आहे. गावाचा कारभार चालवायची इमारत लाटांच्या तोंडाशी कोणी बांधत नाही. ती बांधली गेली तेव्हा गावाच्या मधोमध होती. तिच्या पूर्वेकडच्या गल्ल्या पुढच्या काळात एकेक करून समुद्राने नेल्या. इमारत जागची हलली नाही. गावाचा मध्यच नाहीसा झाला. सफोक या काउंटीत काय उरले, काय गेले आणि गेलेले आपल्याला कसे कळले, याविषयीचा हा धागा.

२/२३
सफोक म्हणजे ‘दक्षिणेकडचे लोक’. उत्तरेकडचे ते शेजारचे नॉर्फोक. काउंटीची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास. सर्वांत उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून जेमतेम १२८ मीटर. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला तो चढ पायांना जाणवणारही नाही. येथे एकही मोटारवे नाही. पसरलेली शेते, गारगोटीच्या भिंतींची चर्चे, खाड्या, दलदली आणि पूर्वेला करडा उत्तर समुद्र. उन्हाळ्यात लंडनकर येथे सुट्टीला येतात, पुळणीवर बसतात, मासे आणि बटाट्याचे तळलेले काप खातात. मात्र मध्ययुगात हा इंग्लंडमधील संपन्न आणि दाट वस्तीच्या प्रदेशांपैकी एक होता.

३/२३
वसंतातल्या सुट्टीत एक विद्यार्थिनी चार दिवसांसाठी येथे आली. मूळची नाशिकची, पंचवटीत वाढलेली. इतिहासाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये राहणारी. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या गटावर काकांचा संदेश आला होता. जुना वाडा पाडून तेथे इमारत उभारण्याचे बोलणे पक्के होत आले आहे. प्रत्येकाने महिनाअखेरीस आपली संमती कळवावी. वाडा राहावा असे तिला मनापासून वाटत होते. पण दर पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली पातेली मांडून ठेवण्याचे काम काकूचे होते, तिचे नव्हते. तिने उत्तर लिहिले, खोडले, आणि फोन पिशवीत टाकून ती गाडीत बसली.

४/२३
पहिला मुक्काम बेरी सेंट एडमंड्स. इ.स. ८६९ मध्ये डॅनिश आक्रमकांनी पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड याला ठार केले. पुढे तो संत मानला गेला आणि त्याच्या समाधीभोवती युरोपातील बड्या मठांपैकी एक मठ उभा राहिला. १५३९ मध्ये, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, तो बरखास्त झाला. भिंतींचे घडीव दगड लोकांनी काढून नेले. आज तेथे बाग आहे आणि बागेत गारगोटी-चुन्याचे ओबडधोबड खांब उभे आहेत. मठाच्या पश्चिम दर्शनी भागाच्या अवशेषांतच नंतर घरे बांधली गेली. खिडक्यांना पडदे आहेत, दाराशी फुलझाडांच्या कुंड्या आहेत, आणि भिंत मध्ययुगातली आहे. राजाचे अवशेष नेमके कोठे आहेत, हे आज कोणालाही ठाऊक नाही.

५/२३
याच मठात १२१४ मध्ये इंग्लंडचे सरदार जमले आणि राजा जॉनकडून आपले हक्क मान्य करून घेण्याची शपथ त्यांनी मुख्य वेदीपाशी घेतली, असे तेराव्या शतकातला बखरकार रॉजर ऑफ वेंडोव्हर लिहितो. पुढच्याच वर्षी मॅग्ना कार्टावर राजमुद्रा उमटली. वेदी आता नाही. तिच्या जागी हिरवळ आहे आणि बाजूच्या भग्न खांबांवर स्मृतिफलक आहेत. ती तेथे बराच वेळ बसली. त्या सभेची हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने एका माणसाच्या लिखाणातून. दगड वाहून नेणाऱ्यांना त्या लिखाणाचा काही उपयोग नव्हता, म्हणूनही कदाचित ते राहिले असेल.

६/२३
बेरीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, काउंटीच्या वायव्य टोकाला, एल्व्हडन नावाचे खेडे आहे. तेथील चर्चच्या आवारात तीन थडगी शेजारी शेजारी आहेत. मधल्या थडग्यात पंजाबचा अखेरचा महाराजा दुलीपसिंग विसावला आहे. सोबत त्याची पत्नी बंबा आणि मुलगा एडवर्ड. पाच वर्षांचा असताना दुलीपसिंग गादीवर आला. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. १८५३ मध्ये त्याचे धर्मांतर झाले, १८५४ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला आणि १८६३ मध्ये त्याने एल्व्हडनची सुमारे १७,००० एकरांची जहागीर विकत घेतली. हवेलीचे अंतरंग त्याने भारतीय धाटणीच्या नक्षीकामाने सजवून घेतले. ती हवेली आज खासगी मालकीची असून लोकांसाठी खुली नाही.

७/२३
चर्चच्या आवारात उभे राहून ती फोनवर दुलीपसिंगाच्या आईविषयी वाचत होती. महाराणी जिंदन कौर. इंग्रजांनी तिला मुलापासून तोडले. तेरा वर्षांनंतर, १८६१ मध्ये, कलकत्त्यात मायलेकांची भेट झाली आणि मुलगा आईला इंग्लंडला घेऊन गेला. १८६३ च्या ऑगस्टमध्ये ती लंडनमध्ये वारली. दहन करण्याची सोय तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हती. देह काही महिने लंडनच्या दफनभूमीत ठेवावा लागला. १८६४ मध्ये दुलीपसिंग तो देह घेऊन भारतात आला. पंजाबात पाऊल टाकण्याची परवानगी त्याला नव्हती. त्यामुळे अंत्यसंस्कार मुंबई इलाख्यात झाले आणि महाराणीची समाधी बांधली गेली ती गोदावरीच्या काठी, नाशकात.

८/२३
हे वाक्य तिने दोनदा वाचले. त्या काठावर तिचे बालपण गेले होते. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, हे पाहायला सारी आळी घाटावर धावायची, तीही धावायची. पण जिंदन कौरचे नाव तेथे तिने कधी ऐकले नव्हते. १९२४ मध्ये दुलीपसिंगाच्या मुलीने, बंबा हिने, आजीचे अवशेष लाहोरला रणजितसिंगांच्या समाधीजवळ नेले. सफोकचा जमीनदार आपल्या आईला घेऊन नाशकात आला होता, ही गोष्ट नदीने सांगितली नाही, घाटाने सांगितली नाही. कोणीतरी ती लिहून ठेवली होती, म्हणून ती तिला एका परक्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात कळली.

९/२३
दुलीपसिंगाचा शेवटही अवमानात झाला. १८८६ मध्ये तो भारताकडे निघाला. इंग्रजांनी त्याला एडनला अडवले. तेथेच त्याने शीख धर्माचा पुन्हा स्वीकार केला. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले, आणि देह एल्व्हडनला आणून ख्रिस्ती विधीने पुरण्यात आला. आईला तिच्या धर्माप्रमाणे निरोप देण्यासाठी ज्याने समुद्र ओलांडला, त्याला स्वतःच्या निरोपाची निवड करता आली नाही. आज दूरदूरचे शीख यात्रेकरू या थडग्याशी येऊन फुले वाहतात. ती गेली त्या दिवशीही तेथे एक केशरी रुमाल व्यवस्थित घडी करून ठेवलेला होता.

१०/२३
दुसरा दिवस लॅव्हनमचा. जगभरच्या पर्यटकांना ठाऊक असलेले हे गाव आहे, कारण हॅरी पॉटरच्या एका चित्रपटात त्याचे दर्शन घडते. लाकडी चौकटींची, एकमेकांना टेकलेली, काही चक्क वाकडी झालेली घरे. तीनशेहून अधिक इमारतींना वारशाचे संरक्षण आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकाच्या संधिकालात हे गाव निळ्या रंगाच्या लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. १५२४ च्या करआकारणीत लॅव्हनमची गणना इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत गावांत होत होती. यॉर्क आणि लिंकनसारखी नामांकित शहरे त्याच्या मागे होती. चर्चचा सुमारे ४३ मीटर उंचीचा मनोरा कापड व्यापाऱ्यांच्या पैशावर उभा राहिला.

११/२३
मग ऱ्हास सुरू झाला. १५२५ मध्ये राजाने फ्रान्सवरील स्वारीसाठी जादा कर मागितला. कापडाचे मालक विणकरांना काम देईनात. हजारो लोक लॅव्हनमभोवती जमले आणि राजाला तो कर सोडून द्यावा लागला. पण बाजार काही परतला नाही. पुढच्या दशकांत नेदरलँड्समधून आलेल्या निर्वासित विणकरांनी कोल्चेस्टरसारख्या शहरांत हलके, स्वस्त कापड काढले आणि लॅव्हनमच्या जाडजूड निळ्या कापडाला गिऱ्हाईक उरले नाही. व्यापारी संपले. व्यापारी-धार्मिक मंडळाचे सभागृह, ‘गिल्डहॉल’, पुढे कधी तुरुंग झाले, कधी अनाथ-गरिबांचे श्रमगृह.

१२/२३
श्रीमंत गावांनी पुढच्या शतकांत जुनी घरे पाडली आणि विटांची नवी, ऐटदार घरे बांधली. लॅव्हनमकडे त्यासाठी पैसा नव्हता. डागडुजी करत, टेकू देत, लोक त्याच घरांत राहिले. आज ज्या सौंदर्यासाठी माणसे रांगा लावतात, ते चारशे वर्षांच्या ओढगस्तीतून उरलेले आहे. वाकड्या घरांसमोर छायाचित्रे घेणाऱ्यांच्या घोळक्यात तिला पंचवटीतला वाडा आठवला. तो तरी कशामुळे उभा होता? कुळांचा वाद होता, वाटण्या रखडल्या होत्या, कोणाकडेच पैसे नव्हते. वारसा म्हणून तो कोणी जपला नव्हता. तो केवळ पाडायचा राहिला होता. आता पैसा येऊ घातला होता.

१३/२३
गिल्डहॉलच्या संग्रहालयात श्रमगृहातल्या गरिबांच्या आयुष्याविषयीचा भाग पाहताना तिला आणखी एक गोष्ट टोचली. त्या सुंदर घरांत राहणाऱ्यांनी गळती, थंडी आणि भूक सोसली, तेव्हा कुठे आजच्या पाहुण्याला मध्ययुग पाहायला मिळते. जुने टिकावे असे म्हणणारा आणि जुन्यात राहणारा, ही सहसा दोन वेगळी माणसे असतात. गटावर ‘वाडा पाडू नका’ एवढेच लिहून मोकळे होणे तिला आता जमेना. काकूने पातेली किती वर्षे मांडावीत, याचे उत्तर त्या वाक्यात नव्हते. त्या संध्याकाळीही तिने काकांना काही कळवले नाही.

१४/२३
तिसरा दिवस. वुडब्रिज गावापाशी डेबेन नदीच्या पैलतीरावर, उंचवट्यावर, गवताने झाकलेले काही मातीचे ढिगारे आहेत. हे सटन हू. १९३९ मध्ये जमिनीची मालकीण एडिथ प्रिटी हिने बेसिल ब्राउन या स्थानिक उत्खनकाला सर्वांत मोठा ढिगारा खणायला सांगितले. ब्राउनने लहानपणीच शाळा सोडली होती; जे काही आले ते वाचून आणि मातीत हात घालून. मातीत गंजलेला लोखंडी रिव्हेट सापडला, मग दुसरा, मग त्यांची रांग. ब्राउनने फावडे बाजूला ठेवले आणि हळूहळू माती बाजूला करत तो त्या रांगेमागे गेला. अखेर सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज उघडे झाले.

१५/२३
खरे तर जहाज तेथे नव्हतेच. आम्लयुक्त वाळूत त्याचे लाकूड केव्हाच कुजून गेले होते. वाळूवर फळ्यांचा ठसा आणि जागच्या जागी रिव्हेट एवढेच उरले होते. मधल्या दालनात मात्र सातव्या शतकातील राजवैभव होते: शिरस्त्राण, तलवार, बायझंटाइन चांदीची भांडी, फ्रँक राज्यांतील सोन्याची नाणी आणि तामडी म्हणजेच गार्नेट जडवलेले दागिने. त्या काळी युरोपात वापरल्या गेलेल्या तामड्यांपैकी बऱ्याच भारत आणि श्रीलंकेतून जात असत. नाण्यांच्या काळावरून हे दफन पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे.

१६/२३
हा खजिना वाचला तोही योगायोगाने. काही शतकांपूर्वी लुटारूंनी याच ढिगाऱ्याच्या मध्यात खड्डा घेतला होता. पण शेताच्या बांधासाठी ढिगाऱ्याची एक बाजू आधीच कापली गेली होती, त्यामुळे त्यांना दिसणारा मध्य खरा मध्य नव्हता. थोडक्यात चुकून ते रिकाम्या हाताने परतले. ऑगस्ट १९३९ मध्ये चौकशीअंती खजिना एडिथ प्रिटीच्या मालकीचा ठरला. तिने तो सगळाच्या सगळा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. काही दिवसांतच महायुद्ध पेटले आणि वस्तू लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका बंद स्थानकात दडवाव्या लागल्या.

१७/२३
वाळूतल्या जहाजाचे काय झाले? युद्धकाळात त्या माळावर लष्करी वाहनांचा सराव चाले. उघड्या पडलेल्या ठशाची हानी झाली. सुदैवाने त्या ऑगस्टमध्ये मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिका सुट्टीत तेथे आल्या होत्या. छायाचित्रणाचा त्यांना छंद होता. त्यांनी उत्खननाची शेकडो छायाचित्रे घेतली. ब्राउनने रोजची टिपणे लिहिली होती, मोजमापे घेतली गेली होती. आज त्या जहाजाविषयी जे काही सांगता येते, ते मुख्यत्वे या कागदांवरून आणि छायाचित्रांवरून. छायाचित्रांच्या त्या दालनात ती बराच वेळ थांबली. सोन्याच्या दागिन्यांच्या प्रतिकृती तिने नंतर घाईतच पाहिल्या.

१८/२३
चौथ्या दिवशी समुद्र. आधी ऑल्डबरो आणि तो मूट हॉल. संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९४८ मध्ये सुरू केलेला संगीतमहोत्सव हे या गावाचे एक भूषण. महाराष्ट्राच्या दृष्टीने दुसरे अधिक जवळचे. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या गावात वाढली. १८६५ मध्ये वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळवून तिने इंग्लंडमधील स्त्रियांसाठी ती वाट उघडली आणि १९०८ मध्ये ती ऑल्डबरोची नगराध्यक्ष झाली. हे पद मिळवणारी इंग्लंडमधील पहिली स्त्री. बालविवाहाच्या खटल्यात साम्राज्याला हादरवणाऱ्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या विद्यालयाची अधिष्ठाता हीच एलिझाबेथ होती.

१९/२३
उत्तरेला साउथवोल्ड. रंगीबेरंगी लाकडी खोपट्यांची रांग, १९०० मध्ये बांधलेला धक्का, घरांच्या मधूनच डोके वर काढणारे पांढरे दीपगृह. १६५९ च्या आगीत हे गाव बव्हंशी जळाले. आग पुन्हा पसरू नये म्हणून गावात मोकळ्या हिरवळी राखल्या गेल्या, असे परंपरा सांगते. मोतिहारीत जन्मलेल्या एरिक ब्लेअरचे आईवडील येथे राहत. त्याने लेखनासाठी घेतलेल्या नावातला ‘ऑर्वेल’ म्हणजे इप्सविचजवळून वाहणारी सफोकचीच नदी. ब्लाइथ नदीच्या मुखाशी तिने वल्हवत्या होडीने पैलतीर गाठला आणि वॉल्बर्झविकपासून गोट्यांच्या पुळणीवरून ती दक्षिणेकडे डनिचला चालत निघाली.

२०/२३
आज डनिच म्हणजे मूठभर घरे, एक खानावळ, एक लहान संग्रहालय आणि फ्रान्सिस्कन मठाचे भग्नावशेष. मध्ययुगात ते पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांपैकी एक होते. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत डनिचच्या नावापुढे तीन चर्चे आहेत, पन्नास पौंडांचा आणि ६८,००० हेरिंग माशांचा वार्षिक भरणा आहे. त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट आहे: येथे पूर्वी दोन नांगरांची जमीन होती, आता एकच आहे, दुसरी समुद्राने नेली. वसुलीसाठी हिशेब मांडणाऱ्या कारकुनाने, बंदर अजून भरभराटीच्या वाटेवर असताना, त्याच्या अंताची पहिली खूण टिपून ठेवली होती.

२१/२३
१२८६ च्या हिवाळ्यात मोठे वादळ आले. १३२८ च्या वादळाने वाळू-गोटे लोटून बंदराचे तोंड बुजवले आणि नदीने उत्तरेला, वॉल्बर्झविकच्या बाजूला, नवी वाट काढली. व्यापारही त्याच वाटेने गेला. १३४७ मध्ये शेकडो घरे वाहून गेली. गाव मागे सरत राहिले, समुद्र पुढे येत राहिला. तरीही डनिचमधून दोन खासदार पार्लमेंटात जात राहिले. १८३२ च्या सुधारणा कायद्याने हा प्रकार थांबला तेव्हा तेथे ३२ मतदार उरले होते. शेवटचे मध्ययुगीन चर्च, ऑल सेंट्स, १९०४ ते १९१९ या काळात कड्यावरून भागाभागाने समुद्रात कोसळले.

२२/२३
लाटांखालून चर्चच्या घंटा ऐकू येतात, अशी दंतकथा आहे. संशोधकांना घंटा नाही, पण भिंती सापडल्या. २००८ पासून साउदॅम्प्टन विद्यापीठाचे डेव्हिड सिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने समुद्रतळ तपासला. तेथील पाणी इतके गढूळ की डोळ्यांना काही दिसत नाही. तळावरच्या अवशेषांची ओळख पटवायला उपयोगी पडला तो राल्फ अगास याने १५८७ मध्ये काढलेला डनिचचा नकाशा. अगासने गाव वाचवले नाही, ते त्याच्या हाती नव्हते. त्याने उरलेले गाव मोजले. चार शतकांनी त्या मोजणीमुळे समुद्राखालच्या दगडांना चर्चची नावे देता आली.

२३/२३
कड्यावर बसून तिने अखेर घरच्या गटावर लिहिले: “वाडा ठेवायचा की पाडायचा, हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवावे, माझी हरकत नाही. पाडणारच असाल तर आधी एक महिना द्यावा. मी जूनमध्ये येते. प्रत्येक खोलीचे मोजमाप घेईन, नकाशा काढीन, तुळयांची, कोनाड्यांची, जिन्याची छायाचित्रे घेईन. कोण कोठे राहत होते, ते सगळ्यांना विचारून लिहून काढीन.” काकांनी अंगठा उंचावलेले चिन्ह पाठवले. थोड्या वेळाने काकूचे उत्तर आले: “महिना कसला, ये तेव्हा ये. पण देवघरामागच्या फडताळातले कागद आधी बघ हो, वाळवी लागली आहे. मी आजच काढून उन्हात घालते.” समुद्राला ओहोटी लागली होती. पुळण जागोजागी उघडी पडत होती. तिने फोन मिटला आणि ती परतीच्या वाटेला लागली.